लावला, पण जोडला नाही

ज्या संगणकावर डेस्कटॉपच नाही, आज्ञा टाइप करायची कमांडलाइन तेवढी आहे, त्याला पेनड्राइव्ह लावला की काहीही होत नाही. ड्राइव्हवरचा बारीक दिवा एकदोनदा लुकलुकतो, बस. खिडकी उघडत नाही, आवाज येत नाही, 'आता काय करू?' असं कुणी विचारत नाही. काळ्या पडद्यावर कर्सर मघाशी होता तिथेच उभा असतो. सवय नसलेला माणूस ड्राइव्ह काढतो, त्यावर फुंकर मारतो, उलटसुलट बघतो आणि दुसऱ्या पोर्टात घालतो. तिथेही तेच.

खरं तर एव्हाना बरंच काही होऊन गेलेलं असतं, फक्त ते बघायची जागा वेगळी. लिनक्समध्ये कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, रोजनिशी दाखवणारी 'डीमेसेज' नावाची आज्ञा आहे. 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' अशी ती चालू ठेवावी ('सुडो' म्हणजे पुढची आज्ञा सर्वाधिकाराने चालव) आणि मग ड्राइव्ह लावावा. सगळा प्रवेशविधी ओळीओळीने समोर येतो. आधी कळतं की अमुक पोर्टावर नवं यूएसबी उपकरण आलं. त्याच ओळीत वेगाचा उल्लेख असतो. 'हाय-स्पीड' म्हणजे यूएसबी २.०, सेकंदाला ४८० मेगाबिट. 'सुपरस्पीड' म्हणजे ३.० किंवा त्याच्या पुढचं. महागाचा वेगवान ड्राइव्ह घेतला आणि इथे 'हाय-स्पीड' दिसलं, तर केबल किंवा पोर्ट जुनं आहे हे फाईल कॉपी करायच्या आधीच समजतं. मग उत्पादकाचा क्रमांक येतो आणि पाठोपाठ 'मास स्टोरेज' उपकरण सापडल्याची नोंद. त्यानंतर साधारण एका सेकंदाची फट पडते. ती मुद्दाम ठेवलेली आहे, ड्राइव्हच्या पोटातल्या यंत्रणेला स्थिरावायला वेळ मिळावा म्हणून. मग आकार कळतो: ३००३१८७२ ठोकळे, प्रत्येकी ५१२ बाइटचा, म्हणजे १५.४ जीबी. लेखनबंदी आहे की नाही ते येतं. शेवटी 'एसडीबी: एसडीबी१' अशी त्रोटक ओळ येते. हा ड्राइव्ह एसडीबी, आणि त्यावर एकच विभाग, एसडीबी१.

यातला 'एसडी' हा स्कझीचा वारसा. स्कझी हे १९८६ साली प्रमाणित झालेलं, संगणकाने डिस्कशी बोलायचं तंत्र. ते जाड केबलींचं जग केव्हाच मागे पडलं, पण यूएसबी ड्राइव्ह आजही आतून स्कझीच्याच आज्ञा बोलतात. बोटाएवढा पेनड्राइव्ह स्वतःची ओळख स्कझी डिस्क म्हणून करून देतो, याची मला अजूनही गंमत वाटते.

तर ओळख झाली, आकार कळला, नाव मिळालं. फाईल मात्र अजून एकही दिसत नाही. ड्राइव्ह लागला आहे, जोडलेला नाही. डेस्कटॉपवर या दोन अवस्थांमधली फट दिसायच्या आत बुजते. ड्राइव्ह लावला की फोल्डर उघडतं, त्यामुळे लावणं आणि जोडणं ही एकच गोष्ट आहे असा समज होऊन बसतो. ड्राइव्हच्या बाबतीत लोकांना येणारे बहुतेक वैताग याच समजातून येतात असं माझं मत आहे. 'ड्राइव्ह दिसतोय पण उघडत नाही', 'कॉपी झालं होतं पण फाईल रिकामी निघाली', 'बॅकअप रोज चालू होता, पण डिस्कवर काहीच नाही'. तिन्ही तक्रारींचा उगम एकच.

जोडण्याची ही कल्पना लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सइतकीच जुनी आहे. १९७१च्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीतही 'माउंट' होतं. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४मध्ये युनिक्सची ओळख करून देणारा जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात काढता-घालता येणाऱ्या फाईल सिस्टिमवर (डिस्कवर फाईली मांडायच्या रचनेवर) एक वेगळा भाग आहे. त्यांच्या यंत्रात मूळ डिरेक्टरी एका डिस्कवर होती, वापरकर्त्यांच्या फाईली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, आणि लहान डिस्कपॅक ज्याने त्याने आपापले आणून जोडायचे. कल्पना अशी की सगळ्या फाईलींचं झाड एकच. नवीन डिस्क आली की तिच्यावरचं छोटं झाड मोठ्या झाडाच्या एखाद्या फांदीवर बसवायचं, कलम करतात तसं. त्यानंतर वापरणाऱ्याला सांधा दिसत नाही. अमुक फाईल कुठल्या डिस्कवर आहे हे तिच्या पत्त्यावरून कळत नाही आणि कळायची गरजही नसते.

विंडोजने दुसरी वाट धरली. तिथे प्रत्येक ड्राइव्हला अक्षर, आणि प्रत्येक अक्षराचं स्वतंत्र झाड. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून मुख्य डिस्क सी. फ्लॉपी गेल्या, तरी रांग सीपासूनच सुरू होते. या पद्धतीत सोय आहे हे मान्य. ड्राइव्ह कुठे गेला हे शोधावं लागत नाही. मला मात्र एकाच झाडाची सवय झाली आहे.

त्या १९७४च्या निबंधात एक अपवादही नोंदवला आहे. एका फाईल सिस्टिममधून दुसरीतल्या फाईलकडे दुवा, म्हणजे त्याच फाईलला दुसरं नाव देणारी हार्ड लिंक, करता येत नाही. कारण सरळ आहे: ड्राइव्ह उद्या काढून नेला तर अधांतरी राहिलेल्या दुव्यांचा हिशेब कोण ठेवणार? पन्नास वर्षं झाली, नियम तोच आहे. याचा रोजच्या वापरातला परिणाम 'एमव्ही' या हलवण्याच्या आज्ञेत दिसतो. एकाच ड्राइव्हवर वीस जीबीची फाईल या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवा, डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, कारण फक्त नोंद बदलते. तीच फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, पुष्कळ मिनिटं लागतात. तिथे हलवणं असं काही नसतंच. आधी पूर्ण नक्कल होते, मग मूळ फाईल पुसली जाते. मधेच केबल निघाली तर काय काय होऊ शकतं याचा विचार केला, की मोठ्या फाईलींसाठी आधी कॉपी, मग खात्री, मग हाताने पुसणं हा क्रम पटतो.

आता नावाविषयी. एसडीबी हे नाव ड्राइव्हचं नाहीच, ते त्या वेळच्या हजेरीतला क्रमांक आहे. जो आधी सापडला तो ए, नंतरचा बी. उद्या दोन ड्राइव्ह लावून संगणक सुरू केला तर आजचा बी उद्या सी होऊ शकतो. म्हणून कुठलीही आज्ञा चालवण्याआधी 'एलएसबीएलके' करायचं. ही आज्ञा निरुपद्रवी आहे, नुसती बघते आणि सांगते. डिस्क, त्यांचे विभाग, आकार आणि कुठे जोडलंय ते झाडासारखं मांडून दाखवते. '-एफ' लावलं तर फाईल सिस्टिमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी हा ओळखक्रमांकही दिसतो.

तिथेच 'आरएम' नावाचा एक रकाना असतो, रिमूव्हेबलचा. पेनड्राइव्हसमोर तिथे सहसा १ असतो. बाहेरून लावलेल्या हार्ड डिस्कसमोर मात्र बहुधा ० दिसतो, म्हणजे ती डिस्क स्वतःला 'काढता न येणारी' म्हणवते. आपण ती दप्तरात घालून फिरवत असतो ते तिला कोण सांगणार! तेव्हा या रकान्यावर विसंबून ड्राइव्ह ओळखू नये. मी आकारावरून ओळखतो. तिथेही एक लहानशी गोम आहे. १ टीबीची डिस्क या यादीत ९३१.५ अशी दिसते. कुणी ६८ जीबी खाल्ले नाहीत. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, एलएसबीएलके १०२४च्या पटीत.

हे नाव जपायचं खरं कारण म्हणजे 'डीडी'. प्रतिमा फाईल, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची नक्कल असलेली फाईल, थेट ड्राइव्हवर उतरवणारी ही आज्ञा काहीही विचारत नाही. बीच्या जागी ए लिहिलं गेलं तर चालू संगणकाची मुख्य डिस्क तिथल्या तिथे खोडायला लागते. म्हणून एंटर दाबण्याआधी मी तो पत्ता चक्क बोट ठेवून वाचतो. कुणाला हसायचं तर हसू दे.

पक्की ओळख हवी असेल तर यूयूआयडी. तो फॉरमॅट करताना फाईल सिस्टिममध्येच लिहिला जातो आणि ड्राइव्ह कुठल्याही पोर्टात, कुठल्याही संगणकात गेला तरी बदलत नाही. लिनक्सच्या फाईल सिस्टिमचा यूयूआयडी ३२ अंकांचा लांबलचक असतो. पेनड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या फॅट या फाईल सिस्टिमचा मात्र आठच अंकांचा, मध्ये एक रेघ असलेला. माणसासाठी त्याहून बरं म्हणजे लेबल. फॅटवर ते अकरा अक्षरांपर्यंतच देता येतं, तेवढं पुरतं. घरातल्या प्रत्येक ड्राइव्हला लेबल द्यावं, आणि ते 'नवीन' किंवा 'डेटा' असं देऊ नये.

मग प्रत्यक्ष जोडणं. त्यासाठी एक रिकामी डिरेक्टरी हवी. तात्पुरत्या जोडणीसाठी '/एमएनटी' ही जुनी जागा आहे. काढत्या-घालत्या माध्यमांसाठी '/मीडिया' ही वेगळी जागा २००४च्या प्रमाणकात आली. हाताने करायचं तर 'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/जुनी' करून जागा तयार करायची आणि 'सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/जुनी' असं म्हणायचं. सगळं सुरळीत झालं तर उत्तर येत नाही. युनिक्सच्या घराण्यात न बोलणं म्हणजे होकार. 'एलएस /एमएनटी/जुनी' केलं की फोल्डरांची नावं समोर येतात.

डिरेक्टरी रिकामी हवी असं म्हटलं, पण ती तशी नसली तरी माउंट अडवत नाही. आत आधीपासून फाईली असतील तर त्या नुसत्या झाकल्या जातात. पुसल्या जात नाहीत, दिसतही नाहीत. ड्राइव्ह काढला की पुन्हा हजर. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण याची उलटी बाजू भयंकर आहे. समजा रोज रात्री '/एमएनटी/बॅकअप'मध्ये नक्कल करणारी स्क्रिप्ट लावून ठेवली आहे. एक दिवस बाहेरची डिस्क जोडलेली नाही. कुणाची केबल ढिली झाली, कुणी ती दुसरीकडे नेली. स्क्रिप्टला काय त्याचं? '/एमएनटी/बॅकअप' ही डिरेक्टरी तर तिथे आहेच. ती सगळा बॅकअप मुख्य डिस्कवरच्या त्या रिकाम्या डिरेक्टरीत ओतत राहते. अहवालात 'यशस्वी' लिहिलं जातं. एके दिवशी मुख्य डिस्क भरते आणि संगणक अडखळायला लागतो. तोवर खरी डिस्क परत आणून जोडली असेल तर आणखी बहार: ओतलेल्या फाईली झाकल्या जातात, आणि जागा कुणी खाल्ली हे शोधता शोधता शहाणी माणसंही रडकुंडीला येतात. हा प्रकार मी जवळून बघितला आहे. उपाय एका ओळीचा आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप' असं विचारायचं आणि उत्तर नकार आलं तर तिथेच थांबायचं. याहून कडक बंदोबस्त हवा असेल तर ड्राइव्ह काढलेला असताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर 'चॅटर +आय' करून ठेवावं. मग तिच्यात रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही, काही लिहिता येत नाही. ड्राइव्ह जोडला की वरच्या झाडावर हा निर्बंध लागू होत नाही, कारण ती डिरेक्टरी खाली झाकली गेलेली असते.

परवानग्यांचा घोळ हा पुढचा टप्पा. माझ्या भाच्याने हौसेने लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि पेनड्राइव्ह हाताने जोडला. फाईली दिसल्या, उघडल्या. नवीन मात्र टाकता येईना.

"मामा, ड्राइव्ह माझा, फाईली माझ्या, मग परमिशन डिनाइड काय म्हणतोय हा?"

"तू कोण आहेस ते त्या ड्राइव्हला माहीतच नाही रे."

हे शब्दशः खरं आहे. फॅट ही एका माणसाच्या, एका यंत्राच्या जमान्यातली रचना. तिच्यात फाईलचा मालक नोंदवायला जागाच नाही. लिनक्सला तर प्रत्येक फाईलला मालक लागतो. मग जोडणाऱ्यालाच मालक मानलं जातं, आणि सुडो लावून जोडलं की मालक होतो रूट. बाकीच्यांनी बघावं, हात लावू नये. त्यावर मालकी बदलायची 'सीएचओन' आज्ञा चालवली तर तीही नकार देते, बदल लिहायचा कुठे? उत्तर जोडतानाच द्यावं लागतं: '-ओ यूआयडी=१०००', म्हणजे या ड्राइव्हवरचं सगळं १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याचं समज. फॅटच्या नव्या भावंडाचं, एक्सफॅटचंही तसंच. लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टिमची गोष्ट बरोबर उलटी. तिथे मालकाचा क्रमांक ड्राइव्हवर नोंदलेला असतो, आणि दुसऱ्या संगणकावर तोच क्रमांक भलत्याच माणसाचा असू शकतो.

भाच्याचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. "पण जोडायला मुळात सुडो कशाला लागतो?"

कारण जोडणं म्हणजे परक्याचं झाड आपल्या झाडावर बसवणं. त्या झाडावर कुणी एखादा प्रोग्रॅम असा ठेवला असेल की जो चालवला की रूटचे अधिकार मिळतात, किंवा थेट डिस्ककडे बोट दाखवणारी उपकरण-फाईल करून ठेवली असेल, तर रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह लावणाऱ्या कुणालाही संगणकाची किल्ली मिळेल. डेस्कटॉपवर सुडोशिवाय जोडता येतं, कारण मध्ये 'युडिस्क्स' नावाची सेवा असते. ती जोडताना 'नोसुइड' आणि 'नोडेव्ह' हे दोन पर्याय स्वतःहून लावते आणि या दोन्ही वाटा बंद करते. हीच सेवा टर्मिनलवरूनही बोलावता येते: 'युडिस्कसीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१'. सुडो नको, डिरेक्टरी तयार करायला नको, मालकीही आपोआप आपल्या नावावर. ज्याला नुसतं काम उरकायचं आहे त्याने हेच वापरावं. मी स्वतः रोजच्या पेनड्राइव्हसाठी हेच वापरतो. कमांडलाइनवर आलं की सगळं अवघड मार्गानेच करायचं, असा काही नवस बोललेला नाही.

आता काढणं. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातला खरा जीव इथे आहे, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

दीडएक जीबीचा व्हिडिओ जुन्या, संथ पेनड्राइव्हवर कॉपी करा. मेमरी मोकळी असेल तर 'सीपी' ही कॉपीची आज्ञा दोनतीन सेकंदांत परत येते. प्रॉम्प्ट समोर, काम झालं. ड्राइव्ह सेकंदाला आठेक एमबी लिहिणारा असेल तर याला तीन मिनिटं लागायला हवीत. उरलेला वेळ गेला कुठे? कुठेच नाही, तो अजून यायचाय. कर्नलने फाईल मेमरीत घेतली आणि 'लिहिली' असं सांगून टाकलं. प्रत्यक्ष लिहिणं मागे चालू आहे. या न लिहिलेल्या पानांना डर्टी म्हणतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल दर ५ सेकंदांनी जागा होऊन ३० सेकंदांहून जुनी डर्टी पानं ड्राइव्हकडे रवाना करतो. पानं फारच साचली तर त्याआधीही पाठवतो, आणि मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत गेली तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवतो. कॉपीची पट्टी ९९ टक्क्यांवर जाऊन तिथेच ठाण मांडते ते बहुधा याच कारणाने. पट्टी खोटं बोलत नसते, ती मेमरीत किती गेलं ते सांगत असते.

हे डोळ्यांनी बघता येतं. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'वॉच ग्रेप डर्टी /प्रॉक/मेमइन्फो' लावून ठेवावं. दर दोन सेकंदांनी एक आकडा बदलत राहतो. कॉपी संपल्या संपल्या तो दहाबारा लाख किलोबाइटच्या घरात असतो आणि मग उतरायला लागतो. आधी भराभर, मग थबकत, मग पुन्हा एक मोठी उडी. पेनड्राइव्हवरचा दिवा तेवढा वेळ लुकलुकत असतो. शून्याच्या आसपास आला की दिवाही स्थिर होतो. ज्याला 'सेफली रिमूव्ह' हा निव्वळ उपचार वाटतो, त्याला मी हा आकडा दाखवतो. वाद घालावा लागत नाही.

'सिंक' ही आज्ञा हेच काम घाईने करवते. लिनक्समध्ये ती सगळं लिहून होईपर्यंत परत येत नाही. जुन्या युनिक्समध्ये तसं नव्हतं. ती लिहायचा हुकूम सोडून लगेच परतायची. म्हणून जुने लोक सिंक तीनदा टाइप करायचे, तेही वेगवेगळ्या ओळींवर. टाइप करण्यात जो वेळ जाई तेवढ्यात डिस्कचं लिहून व्हायचं. कारण संपलं, तरी ही सवय असलेले लोक अजून भेटतात.

सिंकने सगळं लिहून होतं, पण ड्राइव्ह जोडलेलाच राहतो. तो उतरवायला 'युमाउंट'. सगळं लिहून झाल्याशिवाय तीही परत येत नाही, त्यामुळे कॉपीनंतर ती दोन मिनिटं गप्प बसली तर घाबरून कंट्रोल-सी दाबू नये. कधी ती 'टार्गेट इज बिझी' म्हणत साफ नकार देते. दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार आपणच असतो: ज्या टर्मिनलमधून आज्ञा देतोय तोच त्या ड्राइव्हवरच्या फोल्डरात उभा असतो. 'सीडी' करून बाहेर यायचं, की होतं. तसं नसेल तर 'एफयुजर -व्हीएम /एमएनटी/जुनी' हे कोण आत बसलंय त्याची यादी देतं. विसरलेला व्हिडिओ प्लेअर असतो, किंवा शोधासाठी फाईली चाळणारी एखादी सेवा.

'युमाउंट -एल' हा पर्याय अशा वेळी हमखास सुचवला जातो. तो झाडावरून फांदी लगेच हटवतो आणि खरी उतरवणी 'जमेल तेव्हा' करतो. ती कधी जमली हे मात्र सांगत नाही. गोठलेल्या नेटवर्क ड्राइव्हसाठी ठीक आहे. जो ड्राइव्ह आता उपटून खिशात टाकायचा आहे, त्याच्यासाठी याच्याइतका वाईट सल्ला नाही. अडथळा दिसेनासा झाला, गेला नाही.

तसाच उपटला तर काय होतं? पुष्कळदा काहीच नाही, आणि म्हणूनच सवय लागते. कधी शेवटच्या फाईली शून्य बाइटच्या निघतात. फॅटवर 'नीट उतरवला नव्हता' अशी खूण राहते, आणि पुढच्या वेळी कर्नल रोजनिशीत बजावतो की काही डेटा खराब असू शकतो, एफएससीके (फाईल सिस्टिम तपासणारी आज्ञा) चालवा. लगेच परत लावला तर तो एसडीबीऐवजी एसडीसी म्हणून येतो, कारण जुन्या जोडणीचं भूत बी अडवून बसलेलं असतं. जुन्या पत्त्यावर गेलं तर इनपुट-आउटपुट एरर. भूत उतरवायलाही युमाउंटच लागतं. विंडोजने २०१८च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे धोरण मुळातच लावून ठेवलं. लिहिलेलं साठवून ठेवायचं नाही, वेग गेला तरी चालेल. लोक काही ऐकत नाहीत हे गृहीत धरून घेतलेला हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. युडिस्क्सही फॅटचा ड्राइव्ह 'फ्लश' पर्यायाने जोडते, म्हणजे लिहायची घाई करते. हाताने माउंट करणाऱ्याला ही सवलत आपोआप मिळत नाही.

फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला आणखी एक पायरी आहे. युमाउंट झालं तरी आत तबकडी फिरतच असते. 'युडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी' केलं की डिस्कच्या स्वतःच्या मेमरीतलं लिहिलं जातं आणि तबकडी थांबते. डिस्क हातात धरून हे केलं तर ती थरथर हळूहळू विरताना तळव्याला कळते. मग केबल काढायची.

राहता राहिले जुने, आजारी ड्राइव्ह. नातेवाइकांत संगणकवाला म्हणून ओळख झाली की हे आपोआप दारात येतात. दहा वर्षांपूर्वीचे फोटो, एकमेव प्रत, आणि 'लावला की टकटक वाजतो' अशी तक्रार. असा ड्राइव्ह डेस्कटॉपवर लावणं मला नको वाटतं. तो लावताक्षणी जोडला जातो, छोटी चित्रं तयार करायला शंभर फाईली वाचल्या जातात, कुठेतरी काहीतरी लिहिलंही जातं. कमांडलाइनवर तो नुसता लावून ठेवता येतो. जोडायचाच तर '-ओ आरओ', फक्त वाचण्यासाठी. इथे एक बारकावा आहे. ईएक्सटी४ फक्त-वाचन म्हणून जोडली तरी मागचा अर्धवट जर्नल (बदलांची नोंदवही) पुरा करायला ड्राइव्हवर लिहिते. तेही नको असेल तर सोबत 'नोलोड' द्यावं लागतं.

विंडोजच्या एनटीएफएस डिस्क लिनक्सवर नुसत्या वाचता येतात, लिहिता येत नाहीत, तेव्हा दर वेळी डिस्कच आजारी असते असं नाही. विंडोज 'फास्ट स्टार्टअप'ने बंद झालं असेल तर ते खरं बंद झालेलंच नसतं, अर्धं झोपलेलं असतं, आणि त्याच्या हिशेबी ती डिस्क अजून त्याच्याच ताब्यात असते. तिथे जबरदस्ती करू नये. विंडोज सुरू करून, शिफ्ट दाबून धरून पूर्ण बंद करावं.

टकटक वाजणाऱ्या डिस्कला मी जोडतच नाही. 'डीडीरेस्क्यू' हे ग्नू प्रकल्पाचं साधन ड्राइव्ह न जोडताच त्याची ठोकळ्यान्‌ठोकळ्याची नक्कल काढतं. आधी जिथे सहज वाचता येतं तेवढं उचलतं, अडलं की तो भाग सोडून पुढे जातं, आणि जखमी भागांकडे नंतर परततं. कुठवर आलो याची नोंद ते एका मॅपफाईलमध्ये ठेवतं, त्यामुळे मधेच थांबवून उद्या तिथूनच सुरू करता येतं. ही नक्कल हाती आली की 'लॉसेटअप -एफपी' करून ती फाईलच ड्राइव्ह असल्यासारखी मांडता येते. एलएसबीएलकेमध्ये 'लूप०पी१' असं नाव दिसतं आणि ते नेहमीसारखं माउंट होतं. मूळ डिस्क तोवर बाजूला काढून ठेवलेली असते. पुढची सगळी झटापट त्या नकलेशी, तीही तिची आणखी एक प्रत काढून ठेवल्यावर.

कायम लावून ठेवायच्या डिस्कसाठी '/ईटीसी/एफएसटॅब' या जोडण्यांच्या यादीच्या फाईलमध्ये सहा रकान्यांची एक ओळ लिहायची. पहिल्या रकान्यात एसडीबी१ लिहू नये, यूयूआयडी लिहावा. चौथ्यात 'नोफेल' असायलाच हवं. नाहीतर डिस्क लावायला विसरलात की संगणक सुरू होताना तिची वाट बघत बसतो आणि शेवटी आणीबाणीच्या प्रॉम्प्टवर नेऊन सोडतो. बॅकअपच्या डिस्कसाठी मी त्यात 'नोऑटो'ही घालतो, म्हणजे ती लावलेली असली तरी आपोआप जोडली जात नाही. रात्रीची स्क्रिप्ट तिला जोडते, माउंटपॉइंट तपासते, नक्कल करते, युमाउंट करते आणि पॉवर-ऑफ करून मोकळी होते. दिवसा मी फाईली पुसणारी 'आरएम' आज्ञा चुकून कशीही चालवली, तरी त्या डिस्कपर्यंत ते पोचत नाही. पॉवर-ऑफनंतर तिला जागं करायला केबल काढून पुन्हा लावावी लागते, तेवढं रोज संध्याकाळी करतो.